शेजारच्या मांडवातले लग्न

सर्वोच्च न्यायालयात एप्रिल-मे २०२३ मध्ये समलिंगी विवाहाच्या याचिकांवर दहा दिवस सुनावणी चालली, तेव्हा ती घरबसल्या पाहता येत होती. दुपारची झोप बाजूला ठेवून मी ती बरीचशी पाहिली. नोकरीची सारी वर्षे मी संख्याशास्त्र शिकवले. कायद्याचा माझा अभ्यास नाही. त्यामुळे घटनेच्या कलमांपेक्षा माझे लक्ष एका साध्या प्रश्नाकडे पुन्हापुन्हा जात राहिले. तो आमच्या वाचनालयाच्या कट्ट्यावरही निघाला आणि गंमत अशी, की दोन्ही बाजूंच्या माणसांनी तो एकाच शब्दांत विचारला. "त्यांनी लग्न केले तर आपल्या लग्नाचे काय बिघडते?" एकाने हा प्रश्न उत्तर 'काहीच नाही' असे गृहीत धरून विचारला. दुसऱ्याने तो काळजीने विचारला, कारण काहीतरी बिघडत असणार असे त्याला मनापासून वाटत होते.

मला हा प्रश्न दोघांनी सोडून दिला तिथून पुढे न्यावासा वाटला. हा प्रश्न मोजता येण्याजोगा आहे. नेदरलँड्समध्ये १ एप्रिल २००१ रोजी समलिंगी विवाह कायदेशीर झाला, तो जगात पहिला. त्या मध्यरात्री ॲमस्टरडॅमचे महापौर योब कोहेन यांनी चार जोडप्यांची लग्ने लावली. त्याला आता दोन तपे उलटली. एवढ्या अवधीत काही बिघडले असेल तर आकडेवारीत त्याचा माग लागायला हवा.

पण आधी आक्षेप नीट समजून घ्यायला हवा, आणि तो जितका बलवान करता येईल तितका करून. कॅलिफोर्नियात नोव्हेंबर २००८ मध्ये 'प्रपोझिशन ८' हा जनमताचा कौल मंजूर होऊन समलिंगी विवाह बंद झाले. त्याविरुद्धच्या खटल्यात न्यायाधीश वॉन वॉकर यांनी बंदीच्या बाजूचे वकील चार्ल्स कूपर यांना सुनावणीत विचारले, की समलिंगी जोडप्यांना लग्न करू दिले तर भिन्नलिंगी विवाहांचे नेमके काय नुकसान होईल? कूपर म्हणाले, मला माहीत नाही. हे उत्तर पुढे फार गाजले आणि त्याची थट्टाही झाली. ती थट्टा मला थोडी अन्यायाची वाटते. कूपर यांचे म्हणणे असे होते, की परिणाम काय होतील हे आज कोणालाच ठाऊक नाही आणि म्हणूनच राज्याने जपून पाऊल टाकले तर त्यात गैर काय? संख्याशास्त्राच्या माणसाला हे म्हणणे सहज उडवून लावता येत नाही.

नुकसान होईल तर ते कोणत्या मार्गाने होईल, हे त्या खटल्यात साक्षीला आलेले डेव्हिड ब्लँकनहॉर्न यांनी मांडले. कुटुंब आणि पितृत्व हा त्यांचा आयुष्यभराचा विषय. विवाह हा दोन माणसांमधला खाजगी करार असला तरी ती समाजाने घालून दिलेली रीतही आहे, असे त्यांचे प्रतिपादन. त्या रीतीचा मूळ हेतू हा, की मूल ज्यांच्यापासून जन्मले त्या आई आणि बापाशी ते बांधलेले राहावे. कायद्याने रीतीची व्याख्या बदलली, की 'लग्न म्हणजे मोठ्यांच्या प्रेमाची नोंद' एवढाच अर्थ उरतो. मग ज्यांना नोंदीची गरज वाटत नाही ते लग्न करणार नाहीत, किंवा केलेले सहज मोडतील. म्हणजे माझ्या शेजाऱ्याचे लग्न पाहून माझे लग्न उद्या मोडणार नाही. पण लग्न या शब्दाचे वजन कमी झाल्याने माझी नात लग्नाच्या भानगडीतच पडणार नाही. हा दावा खरा की खोटा हे नंतर पाहू. तो तपासता येतो, हे महत्त्वाचे. खरा असेल तर कायदा बदलल्यानंतर भिन्नलिंगी लग्ने घटायला हवीत, घटस्फोट वाढायला हवेत, विवाहबाह्य जन्मांचे प्रमाण वाढायला हवे.

हा पुरावा सापडला असे स्टॅन्ली कुर्ट्झ या अमेरिकी लेखकाने २००४ साली जाहीर केले. त्याने बोट दाखवले स्कँडिनेव्हियाकडे. डेन्मार्कमध्ये १९८९ पासून समलिंगी जोडप्यांना नोंदणीकृत सहजीवनाची सोय झाली. नॉर्वेने १९९३ साली आणि स्वीडनने त्यानंतर लवकरच तोच मार्ग धरला. आणि पाहा, तिथे निम्म्याच्या आसपास मुले लग्नाबाहेर जन्मतात!

आकडा खरा आहे. पण तो कधी वाढला? डेन्मार्कमध्ये १९७० साली शंभरातली अकरा मुले लग्नाबाहेर जन्मत होती. १९८० मध्ये ३३. १९९० मध्ये ४६. आणि २००० साली ४५. सारी चढण कायदा येण्याआधीची आहे, आणि कायद्यानंतरच्या दशकात रेघ सपाट झाली. इतकेच नव्हे, तिथला विवाहदर १९८०च्या दशकाच्या आरंभी हजारी पाचाच्याही खाली गेला होता, तो २००० साली सातापर्यंत वर आला. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडते हे आपण नेहमी म्हणतो. इथे तर फांदी आधीच तुटून पडलेली होती आणि कावळा नंतर येऊन बसला.

नॉर्वे आणि स्वीडनमध्ये मात्र १९९०च्या दशकातही हे प्रमाण वाढत राहिले, हे कुर्ट्झच्या बाजूने सांगायला हवे. त्याला उत्तर म्हणून मी बल्गेरियाकडे बोट दाखवीन. बल्गेरियाच्या १९९१च्या राज्यघटनेतच लिहिले आहे, की विवाह म्हणजे एक पुरुष आणि एक स्त्री यांचे मीलन. समलिंगी जोडप्यांना तिथे नोंदणीचीही सोय नव्हती. त्या देशात विवाहबाह्य जन्म १९९० साली बारा टक्के होते, २०१० पर्यंत ते निम्म्याच्या पलीकडे गेले. स्त्रियांचे शिक्षण आणि पगार, संततिनियमन, धर्मसंस्थेची सैल झालेली पकड आणि पूर्व युरोपात साम्यवाद कोसळल्यानंतरची आर्थिक पडझड ही कारणे इतकी मोठी आहेत, की त्यांच्यापुढे काही हजार समलिंगी जोडप्यांचे कागद दिसतही नाहीत.

नेदरलँड्सचे प्रकरण जास्त गुंतागुंतीचे आहे, आणि मला त्यातच अधिक रस आहे. तिथे १९७० साली सव्वा लाखाच्या आसपास लग्ने झाली होती. २००० साली ती ८८ हजारांवर आली. २००१ साली, म्हणजे कायद्याच्या वर्षी, भिन्नलिंगी लग्ने ८० हजारांच्या घरात उतरली. एका वर्षात आठ हजारांची घट! एखाद्याला मथळा करायला एवढे पुरे. पण २००२ साली ती पुन्हा ८४ हजारांच्या जवळ गेली. एखादे वर्ष उचलून सिद्धान्त मांडायचा झाला, तर कोणताही सिद्धान्त मांडता येतो. माझ्या विद्यार्थ्यांना मी हेच सांगत आलो, आणि परीक्षेत ते हेच विसरत आले.

खरा प्रश्न असा, की कायदा झाला नसता तर नेदरलँड्समध्ये किती लग्ने झाली असती? शेतीच्या प्रयोगात नवे खत एका वाफ्याला घालतात आणि शेजारचा वाफा तसाच ठेवतात. देशाला शेजारचा वाफा कुठून आणणार? मिर्चा ट्रांडाफिर या अर्थशास्त्रज्ञाने तो बनवला. इतर विकसित देशांचे विवाहदर ठरावीक प्रमाणात मिसळून त्याने असा एक कृत्रिम नेदरलँड्स तयार केला, की कायद्यांच्या आधीच्या वर्षांत तो खऱ्याशी जुळावा. मग पुढच्या वर्षांत दोघांची वाट वेगळी होते का ते पाहिले. डेमोग्राफी या नियतकालिकात २०१४ साली आलेल्या या अभ्यासाचा निष्कर्ष असा, की १९९८चा नोंदणीकृत सहजीवनाचा कायदा असो वा २००१चा समलिंगी विवाहाचा, भिन्नलिंगी विवाहदरावर दखल घेण्याजोगा परिणाम झाला नाही.

बहुतेक लेख इथे थांबतात. पण त्याच अभ्यासाच्या पोटात आणखी एक गोष्ट आहे. राहण्याचे ठिकाण आणि मूळ वंश यांवरून त्याने लोकांचे ढोबळ गट पाडले, तेव्हा असे दिसले, की जे अधिक उदारमतवादी असावेत त्यांची लग्ने दोन्ही कायद्यांनंतर थोडी कमी झाली आणि जे अधिक सनातनी असावेत त्यांची थोडी वाढली. दोन्ही मिळून बेरीज जागच्या जागी. म्हणजे 'काहीच परिणाम नाही' हे वाक्य सरासरीपुरते खरे आहे. लग्नाचा अर्थ कायद्याने हलतो हा ब्लँकनहॉर्न यांचा मुद्दा पूर्ण पोकळ नव्हता. पण एकाला लग्न हलके वाटले, तर दुसऱ्याला ते अधिक घट्ट धरून ठेवावेसे वाटले.

नेदरलँड्समध्ये आणखी एक विचित्र प्रकार घडला. ज्या कायद्याने समलिंगी विवाह खुला केला, त्याच कायद्याने विवाहाचे रूपांतर नोंदणीकृत सहजीवनात करण्याचीही मुभा दिली. सहजीवन मोडायला न्यायालयात जावे लागत नसे, परस्परसंमतीचा करार पुरे होई. मग चतुर नवराबायकोंनी वाट शोधली. सकाळी नगरपालिकेत जाऊन लग्नाचे सहजीवन करायचे आणि लगेच ते सहजीवन मोडायचे. तिथे त्याला 'झटपट घटस्फोट' असे नाव पडले. वर्षाला काही हजार भिन्नलिंगी जोडप्यांनी हा मार्ग धरला. शेवटी मुलांच्या ताब्याचे आणि परदेशातल्या मान्यतेचे प्रश्न उभे राहिल्याने १ मार्च २००९ पासून ही वाट बंद झाली. न्यायालयातले घटस्फोट त्या काळात तेवढेच कमी झालेले दिसतात, दोन्हींची बेरीज फारशी हलली नाही. पण कोणी विचारले, की समलिंगी विवाहाच्या कायद्याचा भिन्नलिंगी विवाहावर काही ठोस परिणाम झाला का, तर प्रामाणिक उत्तर 'हो, हा एक' असेच द्यावे लागेल. तो झाला कायद्याच्या मसुद्यात राहिलेल्या एका फटीमुळे. दोन पुरुषांनी किंवा दोन स्त्रियांनी लग्न केले, म्हणून तो झाला असे कोणी म्हणू शकणार नाही.

फ्रान्सची गोष्ट याहून बोलकी आहे. १९९०च्या दशकात तिथे समलिंगी जोडप्यांचा प्रश्न ऐरणीवर आला, तेव्हा विवाहाला हात लावायचा नाही असे ठरले. 'लग्न' हा शब्द शाबूत राहावा म्हणून नोव्हेंबर १९९९ मध्ये 'पाक्स' नावाचा एक नागरी करार निर्माण केला. समलिंगी जोडप्यांनाच तो दिला तर भेदभाव उघडा पडेल, म्हणून सर्वांना खुला ठेवला. पहिल्या पूर्ण वर्षात, २००० साली, सुमारे २२ हजार करार झाले आणि त्यांतले तीनचतुर्थांश भिन्नलिंगी जोडप्यांचे होते. २०१० पर्यंत वर्षाला दोन लाखांहून अधिक करार होऊ लागले. त्यांत भिन्नलिंगी जोडपी किती? शंभरात पंचाण्णव. त्याच दहा वर्षांत विवाहांची संख्या तीन लाखांहून अडीच लाखांवर आली. ही सारी घट पाक्समुळे झाली असे म्हणणे चूक ठरेल, कारण १९७०च्या दशकापासून फ्रान्समध्ये लग्ने उतरणीलाच लागली होती आणि पाक्स करणारी पुष्कळ जोडपी एरवी कागदाशिवायच राहिली असती. तरी कर वाचवणारा, सहज करता आणि सहज मोडता येणारा पर्याय दारात आल्यावर काहींनी तो लग्नाऐवजी घेतला असणार, हे नाकारणे कठीण आहे.

हा विरोधाभास मला या साऱ्या अभ्यासात सर्वांत लक्षणीय वाटला. विवाहसंस्था वाचवण्यासाठी तिच्या बाहेर जी ओसरी बांधली, तिच्यात भिन्नलिंगी तरुण जाऊन बसले. फ्रान्सने २०१३ साली समलिंगी विवाहाला मान्यता दिली, तोवर ही ओसरी घराएवढी झाली होती. इंग्लंडने उलटी चूक केली. तिथे २००४च्या कायद्याने नागरी भागीदारी फक्त समलिंगींना दिली. पुढे विवाहही त्यांना खुला झाला, आणि मग लंडनच्या एका भिन्नलिंगी जोडप्याने तक्रार केली, की त्यांना दोन पर्याय आणि आम्हाला एकच का? तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०१८ मध्ये त्यांचे म्हणणे मान्य केले, आणि २०१९च्या शेवटच्या दिवसापासून इंग्लंड-वेल्समध्ये स्त्री-पुरुषांनाही नागरी भागीदारी मिळू लागली.

अमेरिकेबद्दल थोडक्यात. मॅसॅच्युसेट्समध्ये मे २००४ पासून समलिंगी विवाह सुरू झाले आणि ते राज्य घटस्फोटाचा दर सर्वांत कमी असलेल्या राज्यांत होते तिथेच राहिले. रँड या संशोधनसंस्थेने २०२४ साली वीस वर्षांतल्या शंभरेक अभ्यासांचा आढावा घेतला. भिन्नलिंगी विवाह, घटस्फोट किंवा लग्नाविना राहणे यांवर वाईट परिणाम झाल्याचे त्यांना आढळले नाही. ब्लँकनहॉर्न यांनी स्वतः २०१२ साली जाहीरपणे आपला विरोध मागे घेतला. ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या एका धर्मनिष्ठ दांपत्याने २०१५ मध्ये वर्तमानपत्रात लिहिले होते, की समलिंगी विवाह मंजूर झाला तर आम्ही निषेध म्हणून घटस्फोट घेऊ, मात्र राहू एकत्रच. कायदा डिसेंबर २०१७ मध्ये झाला. दांपत्याने घटस्फोट घेतला नाही. घेता आलाही नसता. तिथल्या कायद्याप्रमाणे त्यासाठी वर्षभर वेगळे राहावे लागते आणि संसार सावरण्यापलीकडे मोडलेला असावा लागतो. यांचा तर सुखाचा होता.

आता आपल्याकडे. मार्च २०२३ मध्ये केंद्र सरकारने दिलेल्या प्रतिज्ञापत्राचा सूर असा होता, की असा विवाह मान्य केल्यास व्यक्तिगत कायद्यांचा नाजूक तोल पार विस्कटेल. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला. विवाह हा मूलभूत हक्क नाही, यावर पाचही एकमत होते. नागरी बंधाच्या प्रश्नावर सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्या. कौल एका बाजूला राहिले, न्या. भट, न्या. कोहली आणि न्या. नरसिंह दुसऱ्या. न्या. भट यांच्या निकालपत्रातला एक मुद्दा आपल्या प्रश्नाला थेट भिडतो. विशेष विवाह कायद्यातले 'पती' आणि 'पत्नी' हे शब्द पुसून तिथे 'जोडीदार' वाचायचे ठरवले, तर आज विवाहित स्त्रीला असलेले संरक्षण पातळ होण्याचा धोका आहे, असा तो मुद्दा.

तो पोकळ नाही. १९५४च्या या कायद्यात कलम ३६ आणि ३७ खाली खटल्यादरम्यानचा खर्च आणि कायमची पोटगी फक्त पत्नीला मागता येते. कलम २७ मध्ये घटस्फोटाची काही जादा कारणे केवळ पत्नीला दिलेली आहेत. लग्नाचे वय मुलाला एकवीस, मुलीला अठरा. सरसकट 'जोडीदार' केले, तर नवराही बायकोकडे पोटगी मागत उभा राहील, आणि आपल्याकडच्या कुटुंबांत पैसा आणि घर कोणाच्या नावावर असते ते सर्वांना ठाऊक आहे. भिन्नलिंगी विवाहावर परिणाम होण्याची ही खरीखुरी शक्यता आहे. पण ती शब्द कसे बदलायचे या कारागिरीची आहे. समलिंगी जोडप्यांसाठी वेगळे कलम जोडायचे आणि पत्नीची कलमे आहेत तशी ठेवायची, हे संसदेला करता येते. नेदरलँड्सची फट पाहिलेल्या माणसाला यात काळजी घेण्याचे कारण दिसेल, नकार देण्याचे दिसणार नाही.

निकालानंतर केंद्राने एक समिती नेमली. २०२४ साली समलिंगी जोडप्यांना एका शिधापत्रिकेवर नाव लावता येईल, बँकेत संयुक्त खाते काढता येईल, अशी स्पष्टीकरणे निघाली. हीदेखील ओसरीच. फ्रान्सइतकी ऐसपैस नाही, इतकेच.

मात्र आपल्याकडे भिन्नलिंगी विवाहावर समलिंगी माणसांच्या लग्नाचा परिणाम आजही होतो आहे, आणि तो लग्नाला परवानगी नसल्यामुळे होतो आहे. 'घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून' म्हणणाऱ्या आपल्या समाजात लग्न न करण्याचा पर्याय फार थोड्यांना असतो. पुण्यात २००२ साली समपथिक ट्रस्ट सुरू करणाऱ्या बिंदुमाधव खिरे यांच्यासारख्यांनी मराठीत या दडपणाबद्दल सातत्याने लिहिले आहे. वय तिशीकडे झुकले, की आईचा रक्तदाब, वडिलांची इज्जत, धाकट्या बहिणीचे अडलेले लग्न, सारे एकाच वेळी पुढे येते आणि मुलगा बोहल्यावर चढतो. कायद्याच्या नजरेत ते निर्दोष भिन्नलिंगी लग्न असते. माझ्या नात्यात असे एक लग्न झाले. मुलगा सुस्वभावी, निर्व्यसनी, नोकरी चांगली. साडेतीन वर्षे मुलगी स्वतःत दोष शोधत राहिली. उपास झाले, स्त्रीरोगतज्ज्ञ झाले, वजन कमी करून झाले. सासरचे तिला मूल का होत नाही म्हणून विचारत होते, आणि ज्याला उत्तर माहीत होते तो मान खाली घालून जेवत होता. त्याच्यावर तरी किती रागवायचे? त्याने एकदाच सांगण्याचा प्रयत्न केला होता, लग्नाआधी, आईला. लग्न झाले की सगळे ठीक होते, असे त्याला सांगण्यात आले.

अशा पत्नीपुढे कायदेशीर वाटा तीन. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ खाली फसवणुकीच्या कारणाने लग्न रद्द करून मागणे. पण फसवणूक कळल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, आणि कळल्यानंतर आपखुशीने एकत्र राहिलेले चालत नाही. पुष्कळजणींचे हे वर्ष 'थोडे सांभाळून घे' म्हणणाऱ्यांच्या समजावण्यात निघून जाते. दुसरी वाट कलम १३ खाली क्रूरतेची, जिथे शयनगृहातले सारे उलटतपासणीत काढावे लागते. तिसरी कलम १३-बची, परस्परसंमतीची. बहुतेक वकील तीच सुचवतात आणि आमच्या मुलीनेही तीच धरली. त्या अर्जात दोघे वर्षभर किंवा त्याहून अधिक वेगळे राहत आहेत, एकत्र नांदू शकत नाहीत आणि विवाह संपवण्यास दोघे राजी आहेत, एवढे लिहिले की पुरते. कारणाचा रकाना नसतो. त्यामुळे अशी किती लग्ने मोडली हे कुटुंब न्यायालयाच्या दप्तरातून काढायला गेले, तरी मोजण्यासारखे तिथे काही सापडत नाही.